पान लागलेला माणूस

ती घटना आजही आठवते तेव्हा चेहरे नंतर येतात, आधी आवाज येतात. चांगल्या शिकल्यासवरल्या मोठ्या माणसांनी काढलेले कोल्ह्यालांडग्यांचे आवाज.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी जालना जिल्ह्यात पोलीस उपनिरीक्षक होते. मंठ्याच्या बाजूला टेकड्यांमध्ये बाहेरच्या एका मालकाने रिसॉर्ट काढलं होतं. आमच्याकडे डोंगर म्हणजे टेकड्याच, पण जाहिरातीत 'मराठवाड्यातलं थंड हवेचं ठिकाण' असं छापलेलं. हिवाळ्यात काळवीट दाखवायला जीप, उन्हाळ्यात तंबू आणि श्रावणात पावसाळी उत्सव. उत्सवात पाहुण्यांच्या स्पर्धा असत. मोर कोणाला जास्त दिसतात, चिखलातली रस्सीखेच, प्राण्यांचे आवाज काढणे. सगळ्यात गाजलेली स्पर्धा 'ओळखा पाहू'. लाल फडकं बांधलेल्या मडक्यात हात घालायचा आणि आत काय आहे ते न बघता सांगायचं. कधी कासव, कधी घोरपड, कधी बिनविषारी साप. वन खात्याची परवानगी अर्थातच नव्हती.

त्या दुपारी एक बाई ठाण्यात आली. कडेवर भाकरीचं फडकं तसंच बांधलेलं. तिचा नवरा रिसॉर्टवर प्राण्यांची देखभाल करायचा. घराणं मेंढरं राखणारं, रानातल्या जनावरांची त्याला भीती नव्हती. ती रोज दुपारी गेटवर त्याला भाकरी द्यायची. त्या दिवशी चौकीदाराने तिला बाहेरूनच परत पाठवलं. म्हणे तुझा नवरा सकाळी भांडून काम सोडून गेला.

ठाणे अंमलदाराने तिला सांगितलं, नवरा-बायकोचं काही झालं असेल, उद्यापर्यंत वाट बघा, नाही आला तर हरवल्याची नोंद करू. ठाण्यात अशा तक्रारी फार येतात आणि बहुतेक नवरे दुसऱ्या दिवशी घरी येतात, त्यामुळे त्याचंही फार चुकलं नव्हतं. बाई हलली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, त्यायची काठी गेटच्या आत टेकवलेली हाय. काठीबिगर ते परसाकडंबी जात न्हाईत."

मी जीप काढली. एक हवालदार घेतला, तिला मागे बसवलं.

वर पोचलो तर धुकं इतकं होतं की इमारत दिसण्याआधी ऐकू आली. मोठ्या हॉलमध्ये आवाजांची स्पर्धा चालू होती. माईकवरचा माणूस नाव पुकारायचा, मग कोणीतरी कोल्हेकुई करायचं, टाळ्या पडायच्या, की पुढचा लांडगा. मधूनच खरा मोर ओरडायचा आणि हॉलमध्ये हशा पिकायचा. व्हरांड्यात मडकी ओळीने मांडली होती. एका मडक्यावरचं फडकं आतून हळूच वर उचललं गेलं आणि पुन्हा बसलं. हवालदाराने वाट बदलली. एक मडकं उघडं होतं, रिकामं.

मॅनेजर मुंबईकडचा, गोड बोलणारा. त्याने चहा मागवला आणि चौकीदाराचीच गोष्ट पुन्हा सांगितली, शब्दही तेच. दोन माणसं एकच गोष्ट त्याच शब्दांत सांगतात तेव्हा ती दोघांनी मिळून बसवलेली असते. मी नोकरांचे जबाब घ्यायचे म्हटलं. तो म्हणाला, "जरूर, माझ्यासमोरच घ्या." मी हरकत घेतली नाही. मालकासमोर नोकर खोटं बोलतोच असं नाही, पण मोजकं बोलतो, आणि मोजकं ऐकायची मला सवय होती.

माळ्याने आपण सकाळपासून बागेत होतो एवढंच सांगितलं. चौकीदाराने जमिनीकडे बघून पाठ म्हटलं. मग स्वयंपाकघरातल्या बाई आल्या. पायथ्याच्याच गावच्या, वयाने माझ्याएवढ्या. हात पिठाचे.

"सकाळी त्याला पाहिलं होतं का?"

"पाह्यलं की. मडकी पुसून राह्यल्ते."

"मग?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "मंग त्यायला पान लागलं. मंग म्या न्हाई पाह्यलं."

मॅनेजर हसला. "पान, तंबाखू, सगळं होतं मॅडम. गेस्टसमोर थुंकू नको म्हणून कितीदा सांगितलं. त्यावरूनच भांडण झालं."

हवालदाराचं लिहिणं थांबलं. मी टेबलाखाली त्याच्या बुटावर बूट ठेवला.

माझं माहेर वाटूरजवळचं. आमच्याकडे जुनी माणसं साप चावला असं म्हणत नाहीत. नाव घेतलं की तो येतो, अशी समजूत. म्हणून 'पान लागलं' म्हणतात. पान खाणं वेगळं, पान लागणं वेगळं. मॅनेजरच्या कानावर तो शब्द कधी पडलेला नव्हता. त्या बाईंनी त्याच्यासमोर बसून मला सगळं सांगून टाकलं होतं आणि तो मान डोलवत होता.

"अजून काही सांगायचंय?" मी विचारलं.

"काय न्हाई. सरपण वलं झालंय. कोरडं आणावं तर लाकडाच्या खोलीची चावी आज साहेबाकडं हाय. सांगा जरा त्यायला."

मी मॅनेजरपुढे हात केला. चावी द्यायला त्याने उशीर लावला नाही, पण चहा तसाच टाकून तोही आमच्या मागे निघाला.

खोली मागच्या अंगाला होती. पत्र्याची, कोरडी. लाकडांच्या पलीकडे पोत्यांवर तो पडला होता, तोंडावर मडक्याचंच लाल फडकं. मी ते काढलं. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, जबडा सैल, अंग गार. बायको दारातच खाली बसली. मॅनेजर घाईने बोलायला लागला. रात्री पोरांनी कोठीत एक साप धरला, बिनविषारी कवड्या समजून मडक्यात टाकला, तो मण्यार निघाला. सकाळी मडकं पुसताना याला चावला, इलाज करण्याआधीच हा गेला. उत्सव चालू होता, पाहुणे घाबरले असते.

हॉलमध्ये कोणीतरी लांबलचक कोल्हेकुई करत होतं.

मी पंचनाम्यासाठी खाली वाकले. छाती हलत नव्हती. निदान तसं वाटलं. पापणी बोटाने वर केली तर डोळा तसाच, स्थिर. मी हात काढला आणि त्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी ओघळून कानात गेलं. मी छताकडे बघितलं. पत्रा कुठेही गळत नव्हता.

पंचनामा राहिला. आम्ही त्याला पोत्यासकट जीपमध्ये घातलं. वाटेत श्वास फार बारीक झाला तेव्हा हवालदाराने त्याच्या तोंडाला तोंड लावून हवा भरली. पानाच्या पिचकाऱ्या मारणारा तो आमचा हवालदार त्या दिवशी जालन्यापर्यंत एकदाही थकलो असं म्हणाला नाही. जिल्हा रुग्णालयात डॉक्टरांनी सांगितलं, मण्यारीच्या विषाने अंग लुळं पडतं, पापणीही उचलत नाही. माणूस मेल्यासारखा दिसतो. आत शुद्ध असू शकते.

तो वाचला. काही दिवसांनी बोलता यायला लागल्यावर मी जबाब घ्यायला गेले. बायको उशाशी भाकरी कुस्करत होती. मी विचारलं, काय काय आठवतं.

"समदं. मी ऐकून राह्यल्तो."

त्याला खोलीत ठेवून दारात दोघे बोलत होते. अंधार पडला की मागच्या दरीत टाकायचं ठरलं होतं, तिकडे तरसं आहेत. मॅनेजरने विचारलं होतं, तरस कपड्यासकट खातं का. चौकीदार म्हणाला होता, खातं साहेब, हाडंबी ठेवत न्हाई. हा चौकीदार त्याच्याच गावचा, रोज सकाळी त्याच्या तंबाखूतली चिमूट घेणारा.

"बोलावं म्हणून लई जोर लावला मॅडम. म्हणलं गड्या, मी हाय. पर जीभच हलेना. मंग दिवसभर बाहेर ती कुत्रीकोल्ही वरडत व्हती. मला वाटलं आलीच."

ती पाहुण्यांची स्पर्धा होती, हे मी त्याला सांगितलं. बायकोने भाकरीचा घास पुढे केला, तो त्याने गिळला.

दोघांना अटक झाली, खटला चालला, रिसॉर्ट बंद पडलं. वन खात्याने मडकी उघडून जनावरं रानात सोडली. कामाच्या बाबतीत मी या प्रकरणातून एक गोष्ट शिकले. डॉक्टरांनी सांगेपर्यंत कागदावर 'प्रेत' हा शब्द लिहायचा नाही आणि त्या माणसाजवळ कोणाला वाटेल ते बोलू द्यायचं नाही. पुढे माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला मी हे शिकवलं.

आणखी एक सवय लागली, ती कोणाला शिकवली नाही. विहिरीतून काढलेलं असो की रस्त्यावर पडलेलं, मी आधी वाकून सांगायचे, "मी पोलीस आहे. ऐकू येत असेल तर घाबरू नका." शिपाई पाठीमागे एकमेकांकडे बघायचे. त्यानंतरच्या साऱ्या नोकरीत समोर प्रेतच असायचं. तरी सांगून झाल्यावर मी थोडा वेळ थांबायचे.