गाव न पाहिलेली गाडी

लातूरच्या त्या मिस्त्रीचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याच्या गॅरेजात एक रेसची गाडी बरेच महिने उभी होती. ट्रॅकवर पळालेली, पोट जमिनीला टेकेल एवढी बुटकी. मालकाला ती रॅलीत उतरवायची होती, म्हणून आधी साध्या रस्त्यावर चालेल अशी करायची होती. मिस्त्रीनं तिला उंच केलं, दिवे, आरसे, हॉर्न बसवले. माझी स्कूटर दुरुस्त होईपर्यंत मी बघत बसायचो. एकेक काम झालं की तो पत्र्यावर तळहात ठेवून डोळे मिटायचा, लेकराचा ताप बघितल्यासारखं.

एकदा म्हणाला, "भाऊ, जिंदगीभर गोल गोल पळाली बिचारी. एका बी गावाला पोचली न्हाई. पहिलं कोन्तं गाव दाखवू हिला?"

"आमचं रेणापूर दाखवा की," मी हसलो. "बघण्यासारखं काही नाही म्हणा तिथं."

गाडीचं पासिंग झालं आणि एका सकाळी ती खरंच आमच्या चौकात आली. शेळ्या आडव्या आल्या, तर मिस्त्रीनं हॉर्न न वाजवता गाडी थांबवली. उतरून बॉनेटवर तळहात ठेवला आणि हळूच म्हणाला, "बघ, गाव हाय हे."

मी जन्मापासून तिथलाच. मीही वळून बघितलं.