आठ नंबरचा फोटो

सुनंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत पेपर तपासत होते. उठले, पर्स घेतली आणि लाल पेन तसाच हातात धरून रिक्षात बसले... त्याला आता सहा आठवडे झाले.

ताई माझ्या थोरल्या नणंद. लग्न केलं नाही. सातपूरच्या एका कारखान्यात त्या इन्स्पेक्शनला होत्या. त्यांच्या नजरेतून केसाएवढा फरक सुटायचा नाही. रिटायर झाल्यावर त्यांना फोटोंचं वेड लागलं, तेही रोलच्या कॅमेऱ्याचं. गेल्या वर्षी सायखेड्यात कोणी जुना, दोन भिंगांचा कॅमेरा विकतंय असं कळलं, तर मला स्कूटरवर मागे बसवून थेट तिथं. या कॅमेऱ्यात वरच्या भिंगातून बघायचं आणि फोटो निघतो खालच्यातून. छातीशी धरून मान खाली घातली की काचेत समोरचं माणूस दिसतं, पण आरशातल्यासारखं, डावं-उजवं उलटं.

विकणारे गृहस्थ गावातल्या जुन्या फोटोग्राफरचे चिरंजीव. म्हणाले, "खोटं कशाला सांगू ताई, वडील शेवटी शेवटी मयताचेच फोटो काढायचे. त्यांच्या गळ्यात हा डबा दिसला की लोक वाट बदलायचे." ताईंनी शटर कानाशी धरून चार वेळा ऐकलं. "आवाज स्वच्छ आहे. घेते."

गल्लीच्या तोंडाशी ओट्यावर एक म्हातारी लसूण सोलत बसली होती. ताईंच्या गळ्यातला कॅमेरा पाहून तिचे हात थांबले.

"कोन गेलं गं?"

"कोणी नाही, आजी. तुमचा फोटो काढू?"

म्हातारीनं डोक्यावर पदर घेतला, ताठ बसली आणि डोळे मिटून घेतले. ताई म्हणाल्या, "आजी, डोळे उघडा ना." ती शांतपणे म्हणाली, "ह्याच्यापुढं मिटूनच असत्यात."

ताईंनी फोटो काढला नाही. 

पावसाळ्यात ताई आजारी पडल्या आणि दिवाळीनंतर दुखणं वाढलं. संक्रांत झाल्यावर एका सकाळी त्यांनी मला बोलावलं. इस्त्रीची साडी नेसून खिडकीशी वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. कॅमेरा शटर चढवून तयार ठेवलेला.

"मीना, माझा एक काढ. आठ झालाय. किल्ली फिरवून नऊ आण, मग दाब."

"मोबाइलवर काढते ना, ताई."

"ह्याच्यावरच."

मी मान खाली घातली. डाव्या गालावरचा तीळ काचेत दुसऱ्या बाजूला गेला होता, आणि तेवढ्यानंच समोर कोणी वेगळीच बाई बसल्यासारखी वाटली. मला ती म्हातारी आठवली. मी किल्ली फिरवलीच नाही. फिल्म पुढे सरकली नाही तर फोटो येतच नाही, अशी माझी समजूत. "डोळे उघडे ठेवा," एवढं म्हटलं आणि दाबलं.

"झालं?"

"झालं."

त्यांनी कॅमेरा मागितला, पाठीवरच्या लाल काचेतला आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. कॅमेरा मांडीवर ठेवला.

मागच्या आठवड्यात तो रोल मी धुवायला दिला. प्रिंट देताना दुकानदार म्हणाले, "मॅडम, यातला एक डबल झालाय. पुढं न सरकवता दोनदा दाबलंय."

आठ नंबर. त्यावर आधी रिकाम्या खुर्चीचा फोटो होता. मी पोहोचण्याआधी कधीतरी ताईंनी एकट्यानं काढलेला. त्यावर ताई बसल्यात. साडीतून खुर्चीचं विणकाम आरपार दिसतं, खांद्यातून खिडकीचे गज. डोळे उघडे आहेत.

रिकाम्या खुर्चीचा फोटो कशाला काढला असेल? "फोकस बघायला," आमचे हे म्हणाले. असेलही. पण खाली काय आहे हे ताईंना ठाऊक होतं आणि आकडा बदललेला नाही हेही दिसलं होतं. "पुन्हा काढ" म्हणाल्या असत्या तर मी काढला असता. त्या म्हणाल्या नाहीत...

फोटो मी हॉलमध्ये लावलाय. हे म्हणतात, उतरव. मी उतरवत नाही. दिवसा त्यात खुर्चीच जास्त दिसते. संध्याकाळी दिवा लावला की ताई.