छातीवरचा हात

धबधब्याच्या कठड्यापाशी रेनकोट भाड्याने देणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे कर्णा म्हणत. उगाच नव्हे. जन्म त्या गर्जनेशेजारी गेल्यामुळे तो घरात मीठ मागायचा, तेही अख्ख्या आळीला कळायचं. नवख्या माणसाला वाटे, नवरा-बायकोचं जुंपलंय. जुंपतंय कसलं, दोघांची पट्टीच ती!

बायकोची चहाची टपरी पलीकडच्या काठावर. मध्ये पाणी कोसळायचं, तिथे कर्ण्याचंही काही चालत नसे. म्हणून दोघांनी हातवाऱ्यांची भाषा जमवली होती. डोक्यावर हात म्हणजे गिऱ्हाईक डोकं खातंय. दोन्ही हात वर म्हणजे दूध संपलं. आणि छातीवर हात म्हणजे 'मी बघते, तुम्ही येऊ नका.' लग्न झाल्यापासून बाई हेच म्हणत आली होती. मुलीच्या तापात, टपरीचं छप्पर उडालं तेव्हाही.

त्या रविवारी मरणाची गर्दी होती. तिने छातीवर हात ठेवला. कर्ण्याने मान डोलावली आणि एका जाड्या गिऱ्हाइकाला रेनकोटात कोंबायला लागला. पुन्हा बघितलं, तर हात तसाच. "कळलं गं बाई!" म्हणून तो चक्क हसला. नंतर नजर गेली, तेव्हा टपरीभोवती माणसं जमली होती. तिच्या छातीत कळ आली होती. पूल ओलांडून तो पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

तेव्हापासून कर्ण्याचा आवाज बसला तो बसलाच. बायको गेल्याचं दुःख होतंच; पण ती बोलावत होती आणि आपण हसलो, हे त्याला आतून कुरतडत राहिलं. त्याला कुणी काय समजावणार?

आणि एवढं पाणी समोर कोसळताना बघून माणसं छातीवर हात ठेवतातच. कुणी ठेवला की कर्णा हातातलं टाकून धावत सुटतो. अगदी जवळ जाऊन विचारतो, "काय होतंय? दुखतंय का?"

लोक हसतात. "अहो काका, काही नाही. किती सुंदर आहे हो!"

मुलगी न्यायला आली, तेव्हा तिने हे डोळ्यांनी पाहिलं. तिला भडभडून आलं. "बाबा, पुरे झालं आता. दुकान बंद करा, चला माझ्याकडे."

"येतो गं," तो कठड्यावरची गर्दी न्याहाळत म्हणाला. "पण मी गेल्यावर इथे कुणी खरंच बोलावलं तर?"