ग्रास अंकल

शिकवताना सरांचे दोन्ही हात पाठीमागे असत. उजव्या हाताचं मनगट डाव्या हाताने घट्ट धरलेलं. एखाद्या नवख्याला वाटलं असतं, या गृहस्थांना नुकतीच अटक झाली आहे. शनिवारी सकाळी सिंगापूरच्या बुकित बातोक भागात, आमच्या ब्लॉकखालच्या खोलीत त्यांचा चित्रकलेचा वर्ग भरे. सर टेबलांमधून तसेच फिरत, वाकून बघत, भरपूर बोलत. पण कुणाच्या कागदाला बोट लावत नसत. "हात मोकळा सोडला की तो लगेच ब्रश मागतो," असं त्यांचं म्हणणं.

मुलं त्यांना ग्रास अंकल म्हणत, कारण गवत आणि त्यावरचं आकाश याखेरीज ते काही रंगवत नसत. मोरगावच्या पुढे, पाऊस नावापुरता येतो अशा बाजूला, एका माळाच्या कडेला त्यांचं गाव होतं. चित्रकला शिकून ते तरुणपणीच सिंगापूरला आले, जाहिरातींचे मोठाले फलक हाताने रंगवायला. टूथपेस्ट, विमानं आणि विनाकारण हसणारी कुटुंबं त्यांनी बरीच वर्षं रंगवली. ते काम संगणकाने घेतल्यावर शाळेत शिकवू लागले आणि निवृत्त झाल्यावर आमच्या मुलांना. या सगळ्या काळात घरी, बेडरूममध्ये वर्तमानपत्रं अंथरून, त्यांनी रंगवला तो फक्त माळ. पाऊण कॅनव्हास आकाश, खाली वाळलेलं गवत. झाड नाही, बैल नाही, माणूस नाही.

इथल्या आमच्या मराठी मंडळींना हे पचत नसे. भिंतीवर लावायचं तर चित्रात काहीतरी हवं. पुण्याहून नव्याने आलेल्या एका इंजिनिअरने बराच वेळ चित्रासमोर उभं राहून विचारलं, "सर, पण यात आहे काय?"

"काहीच नाही," सर म्हणाले. "तेच अजून नीट येत नाहीये."

सिंगापूरच्या मुलांना माळ शिकवणं सोपं नव्हतं. इथलं गवत जरा वाढलं की कंत्राटदाराची माणसं यंत्र घेऊन हजर होतात. त्यामुळे मुलांच्या चित्रातलं गवत गालिच्यासारखं, एका उंचीचं, हिरवंगार. एका वडिलांनी त्यावर नाक मुरडलं, तेव्हा सर म्हणाले, "पोरांनी पाहिलं तेच रंगवलंय. बाराव्या मजल्यावर बसून माळ रंगवणारा मी. खोटं असेल तर माझं." मग ते वर्गाला एखाद्या रिकाम्या प्लॉटकडे नेत. इमारत उभी राहीपर्यंत तिथे लालांग नावाचं कमरेएवढं गवत माजलेलं असे. तिथे पोहोचल्यावर कागद बाहेर काढायला बंदी. नुसतं उभं राहायचं. मुलं कुरकुरली की म्हणत, "आधी कंटाळा येऊ दे. दिसायला त्यानंतर लागतं."

माझी मुलगी इरा प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षाला आली तेव्हा आमच्या घरातली हवा तापली. कलेच्या जोरावर इथे नावाजलेल्या माध्यमिक शाळेत थेट प्रवेश मिळू शकतो; त्यासाठी मुलाने आपली चित्रं दाखवायची असतात. ती तयार करून घेणारे खास वर्ग आहेत. तिथल्या मुलांची चित्रं चाळिशीतल्या माणसाने काढल्यासारखी दिसतात, आणि बहुधा ती त्यानेच काढलेली असतात. इराच्या चित्रातलं क्षितिज मात्र एका बाजूला घसरलेलं. वर्ग सुटल्यावर माझी बायको सरांना म्हणाली, "सर, तुम्ही फक्त एकदा हात फिरवा ना. कुणाला कळणार आहे?"

"इराला कळेल, वहिनी."

"लहान आहे हो ती. विसरून जाईल."

"मी नाही विसरलो अजून."

आणि उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं. शाळेत असताना त्यांच्या चित्राला जिल्ह्यात पहिलं बक्षीस मिळालं होतं. चित्र पाठवण्याआधी ड्रॉइंगच्या मास्तरांनी मायेने त्यातलं आकाश तेवढं सुधारून दिलं होतं. "परीक्षकांनी आकाशाचंच कौतुक केलं," सर म्हणाले. "तेव्हापासून आकाश रंगवतोय. माझं मला आलं असतं का, ते बघायला."

इराला ती शाळा मिळाली नाही. ही रेघ तिरकी का, असं मुलाखतीत विचारल्यावर तिने इथल्या बोलीतल्या इंग्रजीत "बिकॉज आय ड्रू इट लाह" असं उत्तर दिलं होतं. बायकोने पुढे बरेच महिने सरांशी जेवढ्यास तेवढं बोलणं ठेवलं. सर मात्र ती दिसली की तितक्याच अदबीने "या वहिनी" म्हणत. इरा दुसऱ्या शाळेत गेली आणि शनिवारी सरांकडे येत राहिली. पुढे पॉलिटेक्निकला डिझाइन शिकायला लागली तरी शनिवार सुटला नाही.

दोन वर्षांपूर्वी सरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. तोआ पायोहमधल्या एका हॉलमध्ये इथल्या मराठी मंडळाने त्यांचं प्रदर्शन आधीच ठरवलं होतं. त्यातला सर्वांत मोठा कॅनव्हास अर्धवट होता. आकाश पूर्ण, गवताची जागा कोरी. मंडळाचे अध्यक्ष बँकेत मोठ्या हुद्द्यावर. अडचण आली की त्यावर माणूस नेमायचा, ही त्यांची सवय. सरांच्या घरी आम्ही सगळे जमलो होतो तेव्हा ते म्हणाले, "सर, इरा आहे ना. तुमच्याच हाताखाली तयार झालीय. गवत ती करेल, सही तुमची."

"मला जमेल, सर," इरा हळूच म्हणाली.

"जमेल," सर म्हणाले. शब्द जड येत होते. "म्हणून तर नको."

"मग काय अर्धवट लावायचं?" अध्यक्षांनी विचारलं.

"डावा आहे की."

मी अधूनमधून जाऊन बसत असे. सरांचं गवत म्हणजे मुळापासून टोकाकडे एका झटक्यात उचललेली पाती. डाव्या हाताला तो झटका येईना. पाती जाड, ओली, केरसुणीसारखी उतरत. सर ती खरवडून काढत आणि पुन्हा बसत. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी त्यांनी खरवडणं थांबवलं. वेळ संपला होता, एवढंच.

सर गेल्या वर्षी गेले. शोकसभेत त्यांच्याबद्दल बरंच चांगलं बोललं गेलं, त्यातलं थोडंफार खरंही होतं. मला मात्र प्रदर्शनाचा दिवस आठवतो. प्रमुख पाहुणे मातीशी असलेल्या नात्यावर बोलले. चित्रं त्यांनी अजून पाहिली नव्हती. नंतर त्यांना मोठ्या कॅनव्हाससमोर आणलं, तेव्हा खालच्या भागाकडे बोट करून ते म्हणाले, "इथे कलावंताने जाणीवपूर्वक स्वतःचीच शैली मोडली आहे." टाळ्या झाल्या. सर व्हीलचेअरवर बसून समोर बघत राहिले.

गर्दी चहाकडे वळल्यावर त्यांनी इराला खुणेने बोलावलं. "कसं झालंय?"

इरा कॅनव्हासच्या जवळ गेली. "आकाश परफेक्ट आहे, सर. गवत वाईट झालंय."

बायकोने तिला चिमटा काढला. सरांचा अर्धा चेहरा हसला. "कुठे?"

"इथून इथपर्यंत. वारा डावीकडून आहे आणि ही सगळी पाती वाऱ्यावर चालून जातायत."

सर पुढे वाकून पाहत राहिले. मग त्यांनी मान डोलावली. "खरंय. उतरवलं की घरी आण. तेवढं पुन्हा करू."

"तुम्ही करा," इरा म्हणाली. "मी बघते."