होटगीच्या माळावरचा पाठमोरा माणूस

फाल्गुनात सोलापूरला कोणी हौसेनं जात नाही, हे आमच्या संपादकांनी मला दोनदा सांगितलं. "महाबळेश्वर आहे, पन्हाळा आहे. त्या माळावर काय रंगवणार? ऊन?" मी म्हटलं, "हो, ऊनच." त्यांच्या साप्ताहिकात दर शनिवारी मी पांडोबाची चित्रमालिका काढतो. ढेरी, छत्री आणि फजिती, असा त्याचा तीन चौकटींचा संसार. पोट त्यावर भरतं, मन मात्र जलरंगातच रमतं. मुंबईच्या प्रदर्शनाला चित्रं पाठवायची होती. झाडं आणि धबधबे सगळेच पाठवतात, म्हणून मी उघडा माळ पाठवायचं ठरवलं. रंगांची पेटी, कागद, वाचायला म्हणून साप्ताहिकाचे जुने अंक आणि एक वळकटी घेऊन पुण्याहून रात्रीच्या गाडीत बसलो.

तिसऱ्या वर्गानं जाणाऱ्यांना एक सल्ला देतो, दौंडला पाणी भरून घ्या. पुढे पाणी मिळतं, पण तोवर तुमची जागा गेलेली असते.

पहिला दिवस शहरात काढला. स्टेशनपासून नवी पेठेपर्यंत टांग्याला चार आणे पडतात. तो आठ मागतो, आपण खाली उतरायला लागलो की चारावर येतो. गिरण्यांचा भोंगा झाला की सगळं गाव घड्याळासारखं चालू लागतं. विणकरांच्या गल्लीत घराघरांतून मागांचा खटखटाट आणि तेलुगू बोलणं कानावर येतं. तळ्याकाठी बसून किल्ल्याचं एक चित्र केलं, ते फसलं. खाणावळीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. भाकरी मोडताना असा आवाज झाला की शेजारचा माणूस दचकला. "पावनं, दातं संबाळा," तो म्हणाला. तिखटानं डोळ्यांत पाणी आलं, पण मी दुसऱ्यांदा चटणी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी होटगीला गेलो. आगगाडीनं जेमतेम अर्धा तास लागतो. माझा शाळेतला मित्र गोविंदा तिथं स्टेशनात कारकून आहे, त्याच्याकडे उतरलो. त्याचं क्वार्टर म्हणजे एक खोली, एक पडवी आणि समोर क्षितिजापर्यंत माळ. तीन बाजूंना रूळ जातात आणि चौथ्या बाजूला काहीच जात नाही. मला हवं होतं ते नेमकं हेच.

"चहा घे आणि जा," गोविंदा म्हणाला. "पण बाराच्या आत परत ये. दुपारी त्या बाजूला कोणी फिरकत नाही."

"का रे?"

"का म्हणजे? ऊन!" असं म्हणून तो तिकिटं मोजायला लागला.

मी त्याच्या पडवीतून दिसणारी मायाप्पा धनगराची वस्ती गाठली. चार झोपड्या आणि मेंढरांचा वाडा, एवढीच ती. म्हाताऱ्या मायाप्पानं मला दूध दिलं. त्याची सून सुंद्रा दारात धान्य निवडत होती. ओळख व्हावी म्हणून मी पिशवीतून साप्ताहिकाचे अंक काढले आणि पांडोबा दाखवला. पहिल्या चौकटीत छत्री उघडते, दुसरीत वारा येतो, तिसरीत नुसती छत्रीच आभाळात. सुंद्रानं विचारलं, "आन ह्यो गडी कुटं गेला?" मी समजावलं की चित्रं डावीकडून उजवीकडे वाचायची, आणि दोन चित्रांच्या मधलं काढलेलं नसतं, ते आपलं आपण समजायचं. तिनं पुन्हा पाहिलं आणि खळखळून हसली. "वाऱ्यानं नेला व्हय त्याला!"

त्या दिवशी मी तीन चित्रं केली. सकाळी वस्तीपलीकडची एकटी बाभूळ. दुपारी एक जुनी विहीर, काठ खचलेला, आत डोकावलं तर पाणी काळं आणि फार खाली. गोविंदाचं न ऐकता मी भर बाराला तिथं बसलो होतो. वारा नव्हता, पाखरू नव्हतं. लांबवर गिरणीचा भोंगा झाला आणि तोही मध्येच थांबल्यासारखा वाटला. मानेमागे कोणी उभं आहे असं सारखं वाटत होतं. तीनदा वळून पाहिलं, तिन्ही वेळा नुसता माळ. खरं सांगतो, मला भीती वाटली, आणि मी घाईघाईनं चित्र उरकलं.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. उघड्या माळाच्या चित्रात माणूस घातल्याशिवाय माळ किती मोठा हे कळत नाही. म्हणून बोटाच्या पेराएवढा एक माणूस घालायचा, बहुधा पाठमोरा, म्हणजे तोंड काढायची कटकट नाही. माझ्या वहीत माळशिरसकडे टिपलेला एक धनगर होता, खांद्यावर घोंगडी, मानेमागे आडवी काठी आणि काठीवर टाकलेले दोन्ही हात. तोच मी बाभळीखाली उभा केला. कुंचला घसरला आणि त्याचा डावा हात काठीवर न वाकता सरळच राहिला. दुपारी विहिरीच्या काठावरही तोच माणूस घातला, तसाच सरळ हात ठेवून. पांडोबाची सवय, दर चौकटीत छत्री त्याच हातात लागते.

तिसरं चित्र तिन्हीसांजेचं. विहिरीजवळून वस्तीकडे जाणारी पायवाट, शेवटी झोपड्या. उजेड भराभर गेला, म्हणून त्यात माणूस घालायचा राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही कागद पडवीत भिंतीला लावून वाळत ठेवले होते. सुंद्रा स्टेशनात दूध घालायला आली. मी दाढी करत होतो. तिच्या हातातली चरवी खाली पडली तेव्हा मी वळून पाहिलं.

"दादा, ह्यांला तुमी कुटं बगितलं?"

"कोणाला?"

"आमच्या धन्याला." ती नाव घेत नव्हती, घेणारही नव्हती. "ह्यो डावा हात. झाडावरनं पडल्यापासनं वाकत न्हवता त्यो."

दूध घ्यायला बाहेर आलेल्या गोविंदानं मला हलक्या आवाजात सांगितलं की तिचा नवरा बिरू दोन वर्षांमागं मेंढरं सोडून कुठंसा निघून गेला, त्याचा पत्ता नाही. मी तिला म्हटलं, अहो, हा माझ्या मनातला माणूस आहे, हात चुकून तसा झाला. पण तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ती डावीकडून उजवीकडे बघत होती.

"बाबळीखाली उबं हायती. मग हिरीवर हायती." तिसऱ्या कागदापाशी तिचं बोट थांबलं. "आन हितं न्हाईत."

चित्रं वाचायला मीच शिकवलं होतं. मी तोंडावरचा साबण पुसत त्या कागदापाशी गेलो.

तेवढ्यात मायाप्पा काठी टेकत आला. त्यानं तिन्ही चित्रं पाहिली, सून काय म्हणाली ते ऐकलं आणि पायरीवर बसला. "दोन वर्सं मी हेच म्हनतुया. हिरीत गेला पोरगा. सोमवारी सोनाराकडं जातो, टाक करून आनतो." त्यांच्यात मेलेल्या माणसाचा चांदीचा पत्रा घडवून देवघरात बसवतात, त्याला टाक म्हणतात. एकदा टाक बसला की माणूस देवात गेला, आणि बायकोनं कुंकू पुसायचं.

"मामंजी, नगा," सुंद्रा म्हणाली. "ही चित्तरं हायती, खरं न्हाई."

"तूच वाचलंस की."

म्हातारा डोळे पुसत मेंढरांकडे गेला. सुंद्रा माझ्याकडे वळली. "दादा, त्या तिसऱ्यात त्यांला घाला. वाटंवर. घराकडं येताना."

मी अंगाला चिकटलेला अपराधीपणा झटकू पाहत होतो. चार फटकाऱ्यांचं काम होतं. मी कागद मांडीवर घेतला. झोपड्या चित्राच्या टोकाला होत्या, म्हणून घराकडे चालणारा माणूस आपसूकच पाठमोरा आला. घोंगडी, काठी, सरळ डावा हात.

"तोंड हिकडं करा की जरा."

"सुंद्राबाई, एवढ्याशा माणसाला तोंड नसतं. आणि मी त्यांना कधी पाहिलेलं नाही."

"बरं," ती म्हणाली. "आदी घरी तर येऊ द्या."

मायाप्पाला बोलावून आणलं. त्यानं कागद डोळ्यांजवळ नेला. "घराकडंच चाललाय," तो म्हणाला. "ऱ्हाऊ दे मग टाक दिवाळीपत्तुर." सुंद्रानं तिसरं चित्र मागून घेतलं. उरलेली दोन घेऊन मी त्याच दुपारच्या गाडीनं निघालो. खिडकीतून विहीर दिसते, पण मी उजव्या बाजूला बसलो होतो आणि डावीकडे पाहिलं नाही.

पुण्यात आल्यावर मी स्वतःवर खूश होतो. एका बाईचं कुंकू कुंचल्यानं राखलं, असं चार मित्रांना सांगूनही झालं. मग तीन आठवड्यांनी गोविंदाचं पत्र आलं.

बिरू परत आला होता. तिन्हीसांजेला, विहिरीकडच्या पायवाटेनं, मानेमागे काठी टाकून. डावा हात सरळ. वस्तीनं आनंदानं बकरं कापलं. पण आल्यापासून त्याचं तोंड कोणी पाहिलेलं नाही. भिंतीकडे तोंड करून जेवतो, मेंढरांपुढे चालतो, समोर गेलं की वळतो. गोविंदानं लिहिलं होतं, "देवी येऊन चेहरा विद्रूप झाला असेल, लाजत असेल, दुसरं काय? पण मी स्टेशनातून चारदा हाक मारली. तो थांबतो, वळत नाही. सुंद्राबाई रोज दूध घालायला येते आणि एकच विचारते. तिच्याच शब्दांत लिहितो: 'दादान्ला म्हनावं, तोंड काढायचं ऱ्हायलंय, तेवडं काढून द्या.'"

त्या पत्रानंतर मी माळाच्या चित्रांत माणूस घातलेला नाही. ती दोन चित्रं प्रदर्शनाला धाडली नाहीत. सुंद्राबाईला उत्तर लिहायला मी कितीदा तरी बसलो. चेहरा काढायचा तर कोणाचा? हात सहज चालतो तो एकाच चेहऱ्यावर, पांडोबाच्या, आणि तो हसरा आहे. त्या घोंगडीत पांडोबाचं हसू घालून पाठवायची माझी हिंमत नाही.

होटगीला जाणार असाल तर जरूर जा. फाल्गुनातला उजेड तसा दुसरीकडे नाही. पाणी बरोबर ठेवा, भर दुपारी विहिरीकडे जाऊ नका. वाटेत मानेमागे काठी टाकलेला पाठमोरा माणूस दिसला तर हाक मारू नका. आणि तो आपणहून वळलाच, तर तोंड कसं आहे ते नीट पाहून मला कळवा. तिथं एक बाई वाट बघते आहे.