सरांच्या शीटवर लाल पेन्सिल

कार्डांचा लोखंडी ट्रे माझ्या कपाळावर आदळला. कोपरा भुवईत घुसला. सहाशे कार्डं फरशीभर पसरली. डोळ्यात काहीतरी गरम उतरलं. ते रक्त आहे, हे खालच्या कार्डावर थेंब पडला तेव्हा कळलं.

"उचल," सर म्हणाले. "तुम्हा लोकांच्या हातांना सवय आहे."

कोल्हापुरात तेव्हा कॉम्प्युटर नुसता बघायलाही लोक यायचे. विद्यापीठाच्या कॉम्प्युटर विभागात मी हंगामी नोकरीवर होते. सर रसायनशास्त्रातले मोठे संशोधक. माझे वडील, आबा, मिशनच्या शाळेत झाडलोट करतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्याच शाळेत मी फीमाफीवर इंग्रजीतून शिकले. वर्गातल्या मुली आबांना हाक मारून सांडलेली शाई दाखवायच्या. मी पुस्तकात डोकं घालून बसायचे. तेव्हापासून मी कमी बोलते.

काम असं होतं. संशोधक कागदाच्या शीटवर प्रोग्राम लिहून खिडकीतून द्यायचे. आमच्याकडच्या मुली तो कार्डांवर भोकं पाडून उतरवायच्या. मी तपासून मशीनला द्यायचे. चुका ढीगभर. पण विभागाची रीत होती की साहेब लोकांची चूक दाखवायची नाही. गुपचूप दुरुस्त करायची आणि उत्तरं पाकिटात घालून परत द्यायची. पुढच्या महिन्यात तीच चूक पुन्हा खिडकीतून आत यायची.

ही रीत दत्तानं मोडली. दत्ता कागलचा, सरांच्या हाताखाली पीएच.डी. करणारा. एकदा खिडकीशी येऊन म्हणाला, "ताई, माझं एवढं चुकतंय आणि तुमी सांगतबी न्हाईसा? मी काय जन्मभर अडाणीच ऱ्हाऊ व्हय?"

तोंडानं सांगणं मला जमेना. लाल पेन्सिलीनं त्याच्या शीटवर लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी तो चपला बाहेर काढून, स्टूल घेऊन आतच आला. मग त्याचे मित्र आले. रोज दुपारी तीन ते चार. मी त्यांना प्रोग्राममधली चूक शोधायला शिकवायचे. ते मला आकड्यांमागचं रसायन सांगायचे. "ताई, ही शीट हाय का कुंकवाचं ताट?" दत्ता विचारायचा. मी हसायचे. त्या खोलीत त्याआधी मी कधी हसले नव्हते.

आकड्यांमागचं समजायला लागलं आणि मग सरांची चूक दिसली. त्यांच्या सूत्रात एक भागिले तीन होतं. प्रोग्रामच्या त्या भाषेत दशांश चिन्ह न देता असं लिहिलं, तर मशीन अपूर्णांक टाकून देतं. उत्तर शून्य. सूत्राचा अख्खा एक तुकडा दरवेळी शून्य होऊन गळत होता. मशीन ही चूक दाखवत नाही. त्याला काहीच खटकत नाही. सर कित्येक वर्षं तोच प्रोग्राम वापरत होते, आणि आता दत्ताचा प्रबंध त्याच आकड्यांवर उभा राहणार होता. मी त्या ओळीखाली लाल रेघ मारली, शेजारी दोन वाक्यं लिहिली आणि शीट पाकिटात घातली.

दुसऱ्या दिवशी तीनच्या सुमारास सर आले. बूट न काढता. स्टुलांवर मुलं बसली होती.

"माझ्या शीटवर लाल पेन्सिल? तू मला तपासणार?"

दत्ता उठला. "सर, ताईंचं बरोबर आहे, आपण एकदा..."

सरांनी त्याच्या कानाखाली मारली. मग टेबलावरचा ट्रे उचलला.

आणि ते 'उचल' म्हणाले तेव्हा मी वाकले. हे लिहायलाच हवं. भुवईतून रक्त गळत असताना मी गुडघ्यांवर बसले आणि कार्डं गोळा करायला लागले. वर बघितलं नाही. सरांनी बुटाचा पाय पुढं टाकला. बुटाखाली एक कार्ड होतं आणि माझ्या उजव्या हाताची दोन बोटं. त्यांनी भार दिला.

"क्रमानं लाव."

मला आबा दिसले. शाळा भरायच्या आत सगळं झाडून नाहीसे होणारे. घाण कुणी केली, कुणाला कळत नसे. मी वेगळं काय करत होते? इंग्रजी शिकून, खुर्चीत बसून, तेच झाडत होते.

डाव्या हातानं मी त्यांचा घोटा धरला आणि हिसडा दिला. सर पाठीवर पडले. डोकं कपाटावर आपटलं, चष्मा उडाला. मी उभी राहिले. मला त्यांना आणखी मारायचं होतं, खोटं कशाला लिहू. मी ट्रे उचललासुद्धा. त्यांनी दोन्ही हात तोंडापुढं धरले. तेव्हा मी ट्रे खाली ठेवला. दया आली म्हणून नाही. त्यांची भीती मला पुरली.

"माझ्या बापानं तुमची घाण उचलली," मी म्हणाले. "मी उचलणार नाही."

भुवईला चार टाके पडले. एक बोट मोडलं. विभागप्रमुखांनी कोरा कागद पुढं सरकवला. "माफी लिहून द्या, बाई. उद्या दुपारपर्यंत. नाहीतर माझ्या हातात काही नाही."

घरी आबा म्हणाले, "लिवून दे की पोरी. चार वळी तर हायत." मग टाक्यांकडं बघत राहिले. "लई दुकतंय?"

"दुखतंय. पण लिहिणार नाही."



कागद मी भरला. डाव्या हातानं, वेड्यावाकड्या अक्षरात. चूक कुठल्या ओळीत आहे. ती कशी सुधारायची. ट्रे कुणी फेकला, बोट कुणी चिरडलं. सरांना कुणी पाडलं, तेही. मी पाडलं. माफीचा शब्द नाही. साक्षीदार म्हणून दत्तानं सही केली.

आठवड्याच्या आत नोकरी गेली. जाणार हे लिहितानाच माहीत होतं.

आता मी जिथं काम करते, तिथं कुणाचीही चूक गुपचूप झाडत नाही. ज्याची त्याच्यासमोर ठेवते, मोठ्यानं वाचून. शिकायचं असेल त्यानं शेजारी बसावं. आणि यापुढं माझ्यावर कुणी हात उचलला, तर रक्त यायची वाट मी बघणार नाही.