तांबडीच्या तीन खुणा

त्या दुष्काळात आमच्या तांबडीला ज्यानं पाहिलं त्यानं टोचलं. परंड्याच्या दवाखान्यात घटसर्पाची लस दिली आणि खूण म्हणून गाईच्या शिंगाला निळा रंग फासला. मग दूध सोसायटीचे डॉक्टर आले. ते म्हणाले, "रंग आम्ही मानत नाही." त्यांनी तीच लस पुन्हा टोचून गळ्यात पत्र्याचा बिल्ला अडकवला. गाय नवरीसारखी नटत चालली होती. पोटात काडी नव्हती, वासरू तेवढं होतं.

वैरण संपली तशी मी आणि सासूबाई तिला चारा छावणीवर घेऊन गेलो. तिथं ढोकीच्या साखर कारखान्याकडून उसाचं वाढं यायचं. फाटकात तिसरे डॉक्टर सुई घेऊन उभे.

"इथं कानाला खाच लागते. खाच नाही म्हणजे लस नाही."

"अवो, दोनदा टोचलीय," सासूबाई म्हणाल्या. "दिस भरत आल्यात तिचं. पोटातलं गेलं तर?"

"दुसऱ्यांची खूण मला चालत नाही. वरून तसं सांगितलंय."

आमच्याकडे तेव्हा पाऊस सोडून सगळं वरूनच येत होतं. पण सासूबाईंना हसू येण्यासारखं नव्हतं. आदल्या खेपेला गाय गाभडली होती, तेव्हा सासूबाई आठवडाभर धड जेवल्या नव्हत्या. त्यांनी डॉक्टरांच्या दंडाकडं बोट केलं. तिथं देवी टोचल्याचा वण होता.

"ही कुठं टोचली?"

"बीडला. लहानपणी."

"मग हितं नोकरीला आल्यावर परत टोचली का?"

रांगेतले लोक खिदळायला लागले. कुणी बाही वर करून आपला दंड पुढं केला, मग दुसऱ्यानं, तिसऱ्यानं. गावं वेगवेगळी, वण सगळ्यांचे सारखेच. डॉक्टरही हसले. त्यांनी सुई डब्यात ठेवली आणि नुसती कानाला खाच मारली. रक्त आलं तसं सासूबाईंनी तिन्ही डॉक्टरांना तोंडातल्या तोंडात शिव्या हासडल्या. मला मात्र सुटल्यासारखं होऊन रडू आलं.

छावणीतच तांबडीला कालवड झाली. छावणी मोडली तेव्हा फाटकावरच्या पहारेकऱ्यानं बांबू आडवा धरला.

"आत एकच गाय आलती. ह्या कालवडीला रंग न्हाय, बिल्ला न्हाय, खाच न्हाय. कुणाची ही?"

सासूबाई बोलणार तेवढ्यात कालवडीनं दावं हिसकलं, तांबडीच्या पोटाखाली घुसली आणि ढुशा मारत पिऊ लागली. तांबडी मान वळवून तिला चाटत राहिली.

पहारेकऱ्यानं बांबू उचलला. ही खूण वरून कुणी सांगितली नव्हती, तरी त्याला चालली.